गोंगाटातली जिवली

“बाळाच्या आईला गप्प बसायला सांगू का, सिस्टर?” कानाला हेडफोन लावलेल्या मितालीने विचारलं.

“नको. हिच्या बोलण्यानेच पोर निजतं,” राही सिस्टर म्हणाल्या.

शहापूरच्या त्या लहानशा प्रसूतिगृहात राही सिस्टरांचे केस पांढरे झाले होते. मिताली मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली. २००६च्या उन्हाळ्यात ती नवजात बाळांच्या छातीचे आवाज लॅपटॉपवर टिपायला येत असे. एवढ्याशा छातीत ठोके नि श्वास एकमेकांत मिसळतात, वर वॉर्डातला गोंगाट. ते सगळं वेगळं करणारा प्रोग्रॅम तिला बनवायचा होता, म्हणजे बाळाचा श्वास बिघडला तर लवकर कळेल.

आजचं बाळ जिवलीचं, उंबरमाळीकडच्या पाड्यावरचं. मुलगी, वेळेआधी झालेली. सिस्टरांनी मितालीचा माइक बसवलेला स्टेथोस्कोप तळव्यात धरून कोमट केला आणि तिच्या छातीवर ठेवला. ती कुरकुरली. जिवली वाकून तिच्या कानाशी काहीबाही पुटपुटत राहिली.

मुलगी तगली, घरी गेली. आणि महिन्याभरात जिवलीच तापाने गेली.

सिस्टरांना हे कळलं ते तिचा नवरा भगीरथ मुलीला डोस पाजायला एकटाच घेऊन आला तेव्हा.

“हिला दाखवाया आईचा फोटू बी नाय,” तो म्हणाला. “कदी काडलाच नाय.”

मिताली लॅपटॉप घेऊन बसायची त्या खोलीत सिस्टर त्याला घेऊन गेल्या.

“जिवलीच्या मुलीचे ठोके नि श्वास वेगळे केलेस. बाकीचं कुठंय गं?”

“बाकी नुसता गोंगाट आहे, सिस्टर. आज पुसणारच होते.”

“पुसू नको. लाव.”

आधी कुठे तरी भांडं पडलं. हायवेवरून ट्रक गेला. मग अगदी जवळून जिवली बोलली, “नाय गो बाय, मी हाय ना. निज. तुजा बा येल आता.”

भगीरथ मुलीला घेऊन लॅपटॉपजवळ सरकला.

“सीडीवर घालून देते, भाऊ,” मिताली म्हणाली.

“द्या. पन आता येकदा परत लावा. बारीक लावा, ही उठंल.”

मितालीने आवाज कमी केला. तो ऐकायला इतका खाली वाकला, की झोपलेल्या मुलीचं कपाळ त्याच्या गळ्याला टेकलं.