वीतभर वर

देशाच्या कौशल्य धोरणाचा मसुदा बाईंनी लिहिला होता. कार्यालयात सगळे त्यांना मसुदेबाईच म्हणत. झटपट कोटभर तरुण तयार करायचे होते, म्हणून त्यांनी एक कलम घुसवलं: प्रशिक्षणाला सामानाची गरज नाही, हालचाली आल्या की पुरे. वरचे साहेब खूश. होणारच! फुकटात देश घडत असेल तर त्यांच्या बापाचं काय जातंय?

परिचारिका घडवणारं केंद्र पाहायला बाई गेल्या, तेव्हा मुली रिकाम्या खाटांपाशी उभ्या होत्या. रिकाम्या चिमटीनं हवेत सुई टोचत होत्या. सगळ्या एका लयीत. कुणाचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

"निदान एखादी बाहुली तरी द्या हो," शिकवणाऱ्या बाई कुरकुरल्या.

"बाहुल्यांशी खेळायचं वय आहे का यांचं?" मसुदेबाई हसल्या. मुलीही हसल्या. एकदम, आणि एकदमच थांबल्या.

धोरण देशभर लागू झालं. पुढच्या वर्षी बाईंच्या वडिलांना, अप्पांना, धाप लागली, म्हणून त्यांना दवाखान्यात हलवलं. परिचारिका आली, गोड हसली. अप्पांच्या दंडाच्या वीतभर वर तिनं रिकामी चिमूट टोचली आणि हवेतच कापूस चोळला.

"अगं, औषध कुठंय?"

"दिलं की, ताई."

"हात हलका आहे पोरीचा," अप्पा धापा टाकत म्हणाले. "कळलंसुद्धा नाही मला."

डॉक्टर आले, तेही नव्या धोरणातलेच. छातीपासून वीतभर दूर नळी धरून त्यांनी मान डोलावली. "छान चाललंय."

अप्पांचे ओठ निळे पडत होते.

बाई ओरडत बाहेर धावल्या. खोल्याखोल्यांतून हात हवेत हलत होते, आणि खाली आ वासून पडलेली माणसं. कोपऱ्यात एक आया कोरड्या नळाखाली मन लावून हात धूत होती.

परत आल्या तर अप्पांचा श्वास थांबलेला. बाईंनी खाटेवर गुडघा टेकला, तळव्यावर तळवा ठेवला आणि जीव खाऊन छाती दाबायला सुरुवात केली. तळवे वीतभर वरच अडत होते. मधे काही नव्हतं, तरी खाली जाईनात. त्यांनी अंगाचा सगळा भार टाकला. रडल्या. शिव्या हासडल्या.

परिचारिका मागे उभी राहून कौतुकानं बघत होती.

"अगदी बरोबर जमतंय, ताई. थांबू नका."