हिरव्या दिव्याचे गुण

कुठलंही यंत्र हाती आलं की त्याचं झाकण उघडल्याशिवाय गल्लीतल्या घड्याळजींना चैन पडत नसे. गल्लीने मिळून इंटरनेटचं जाळं उभारलं. ज्याच्या घरी जोडणी, त्याने शेजाऱ्यांनाही वापरू द्यायची. बदल्यात गुण, आणि ज्याचे गुण जास्त त्याला वेग जास्त. घड्याळजींनी या नियमाचंच झाकण उघडलं. गुण मिळत होते ते घरातल्या नेटच्या डब्यावरचा दिवा हिरवा असलेल्या तासांचे. शेजाऱ्याच्या पदरात किती पडलं, ते कुणीच मोजत नव्हतं.

मग काय, त्यांनी दिवा अखंड हिरवा ठेवला आणि शेजाऱ्यांचा वाटा चिमूटभर. महिन्याभरात घड्याळजी यादीत पहिले. जिन्यात लोक त्यांना "दानशूर" म्हणू लागले, आणि तेही मान खाली घालून हसून घेत.

सोमवारी खालच्या मजल्यावरची शिवणकामवाली वहिनी दुरुस्तीचं घड्याळ न्यायला आली.

"भाऊजी, लेकीची मुलाखत बोंबलली. व्हिडिओवर तिचा चेहराच गोठला, तीनदा. परवा अकराला शेवटची संधी दिलीय."

"फोन जुना असेल," घड्याळजी बोलून गेले.

"मीही तेच म्हटलं. ती नेटला नावं ठेवत होती. म्हटलं, वरून भाऊजींसारखा माणूस नेट देत असताना असं बोलू नये. उद्या दुसरं शिलाई मशीन विकते आणि नवा फोन घेते."

चिमट्यातला स्क्रू निसटला. तो शोधायला घड्याळजी वाकले आणि सापडल्यावरही वाकूनच राहिले.

ती गेल्यावर त्यांनी शेजाऱ्यांचा वाटा पुरता मोकळा केला. गुपचूप फिटलं, असं वाटलं खरं. पण मशीन तर जाणारच होतं. शेवटी जिना उतरले.

"वहिनी, मशीन विकू नका. फोन ठणठणीत आहे. तुमचा वाटा मीच आवळून ठेवला होता."

वहिनीचा पाय मशीनच्या पायडलवर थांबला. "आणि फोन जुना म्हणालात, ते?"

"तेही खरं कारण माहीत असून म्हणालो."

"दोन दिवस जेवली नाही ती." वहिनीने दातांनी दोरा तोडला. "परवा ती तुमच्या खोलीत बसेल. तुम्ही बाहेर."

बुधवारी अकराला घड्याळजी स्वतःच्याच दाराबाहेर पायरीवर बसले होते. वर चढणारे शेजारी थबकले.

"काय दानशूर, आता खोलीही देऊन टाकलीत?"

आतून मुलीचा आवाज न तुटता येत होता. घड्याळजींनी बाजूला सरकून जागा केली.

"बसा, सांगतो," ते म्हणाले. "पण हळू बोलू."