आक्काचा मुराळी

“पुढची शीट आक्काची. मी मागं बसतो,” सावळाराम म्हणाला. “तिला गाडी लागती. येताना काच खाली ठिवायची आन एशी बंद.”

दादाभाऊ अंगणात नव्या गाडीवर पाइपानं पाणी मारत होता. त्यानं मान हलवली, पाणी काही बंद केलं नाही. बापाचं हे सांगणं सकाळपासून चालूच होतं. पिंपळवंडीतून निघायचं, नारायणगाव बाहेरून काढायचं, कळंबचा पूल ओलांडला की मंचर, तिथून उजवीकडं वळून घोडेगाव, शिनोली आणि मग डिंभे. दीड-पावणेदोन तासांचा रस्ता. पण सावळारामची तयारी बघून कोणालाही वाटलं असतं, म्हातारा काशीला निघालाय. धुतलेला सदरा, पांढरी टोपी, पाण्याची बाटली, आणि खिशात एक लिंबू. गाडी लागायला लागली की आक्काला हुंगायला.

“आत्याबाईंना फोन केला असता तर एसटीनं आल्या असत्या की,” सून साधना दारातून म्हणाली. तिचंही चुकत नव्हतं. उद्या गावची यात्रा, घरात शंभर कामं, आणि गाडी निघाली होती धरणाच्या गावाला.

“मुराळी गेल्याबिगर माहेरवाशीण येत नसती,” सावळाराम म्हणाला.

आता लेकी मोबाइलवर ‘ये’ म्हटलं की स्कूटीवर बसून माहेरी येतात, त्यामुळे मुराळी हा शब्दच कानावर पडत नाही. माहेरच्या माणसानं जायचं, सासरच्यांसमोर जेवायचं आणि लेकीला घेऊन यायचं, ही रीत. सावळाराम चौथीत असल्यापासून बयाबाईचा, म्हणजे त्याच्या आक्काचा, मुराळी होता. पहिल्यांदा बापानं त्याला एसटीत बसवून कंडक्टरच्या हवाली केलं होतं. मग सायकल आली, लुना आली, गुडघे गेल्यावर पुन्हा एसटी आली. ग्रामपंचायतीच्या पाण्याचे व्हॉल्व्ह सोडण्यात त्याची सगळी नोकरी गेली, एवढ्या वर्षांत त्यानं दुसरं काही नावाजण्यासारखं केलं नाही. पण यात्रेला आक्का आली नाही असं कधी झालं नव्हतं. फक्त गेल्या वर्षी झालं. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, तो खाटेवर होता, आणि दादाभाऊला वेळ नव्हता.

तेव्हा आक्का काही बोलली नाही. दिवाळीतही फोनवर नीट बोलली, गुडघ्याला तेल लाव म्हणाली. संक्रांतीपासून मात्र तिचं बोलणंच आटलं. सावळारामनं फोन केला की “बरं हाये” म्हणायची आणि फोन मुलाच्या, गेणूच्या, हातात द्यायची. यात्रेचा रुसवा इतक्या उशिरा कसा काय आला, हे सावळारामला उमगत नव्हतं. पण थोरली बहीण आहे, तिला वाटेल तेव्हा रुसायचा हक्क आहे, असं त्यानं धरलं होतं. त्याला यंदा तिला आणायचंच होतं. आणून रुसवा काढायचा होता. बाकी त्याला काही नको होतं.

दादाभाऊ आधी तयार नव्हता. नारायणगावात त्याचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान, हंगामाचे दिवस. दोन रविवार त्यानं असेच ढकलले. शेवटी बाप म्हणाला की मग मी चालत निघतो, आणि धुतलेली टोपी घालून खरोखरच वेशीपर्यंत गेला. लोकं बघायला लागली तसा दादाभाऊ कबूल झाला.

गाडी निघाली तेव्हा सावळाराम मागंच बसला. पुढची शीट रिकामी होती, तरी तिच्यावर बसणं त्याला बरं वाटेना.

तो खुशीत होता. कळंबच्या पुलावर त्यानं नदीला हात जोडले. मंचरला सायकलचं चाक पंक्चर झालं होतं ती जागा दाखवली, तिथं आता मोठं हॉटेल होतं. आक्का आली की काय काय करायचं, तेही तो बोलत होता. आक्का पहिल्या दिवशी मासवडी करणार, ती दुसऱ्या कोणाला थापू देत नाही. आणि संध्याकाळी रानात जाणार, बांधावरच्या आंब्याच्या कैऱ्या पाडणार.

रानाचं नाव निघालं तसा दादाभाऊनं रेडिओ लावला.

ते कालव्याच्या कडेचं रान सावळारामच्या बापाचं. सातबाऱ्यावर दोघा भावंडांची नावं. सावळारामनं आपला हिस्सा आणि राहतं घर ऑपरेशनच्या आधीच मुलाच्या नावावर करून दिलं, आक्काचं नाव मात्र तसंच राहू दिलं. सगळं गाव सांगायचं, बहिणीकडून हक्कसोड करून घे, साडीचोळी कर आणि मोकळा हो. रीतच आहे ती, यात वाईट कोणाला वाटत नाही. सावळाराम म्हणायचा, “तिचं नाव हाये तवर ती हितली हाये.” दादाभाऊला तिथं माल ठेवायला गोडाऊन बांधायचं होतं. त्यानं हा विषय दोनदा काढला आणि मग आपणहून सोडून दिला. पोरगं समजूतदार निघालं म्हणून सावळारामनं तेव्हा पारावर चार लोकांत त्याचं कौतुकही केलं होतं.

शिनोली मागं पडली. आता सावळाराम पुढं सरकून बसला, कारण इथून पुढचं त्यालाही ठाऊक नव्हतं. आक्काचं जुनं घर नदीच्या अंगाला होतं. गेणूनं वर टेकाडावर नवं घर बांधलं आणि दिवाळीत सगळे तिकडं राहायला गेले, ते घर सावळारामनं पाहिलेलं नव्हतं. दादाभाऊ तर आत्याच्या नवऱ्याच्या दहाव्याला म्हणून डिंभ्यात आला होता, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. गेणूनं फोनवर सांगितलं होतं की चहाच्या टपरीवर विचारा, कुणीही दाखवेल.

“टपरीपाशी जरा थांबव. मी इचारतो,” सावळाराम म्हणाला.

गाडी थांबली नाही. टपरीच्या अलीकडंच, पिठाच्या गिरणीला लागून एक बोळ होता, दादाभाऊनं गाडी तिथं वळवली. थोडं आत गेल्यावर एका उघड्या जागेत त्यानं गाडी फिरवली, आणि मग उलटी, मागच्या मागं, चढावर घेत निघाला.

सावळाराम मागच्या काचेतून वर येणारं घर बघत होता. नवं, निळ्या रंगाचं, पुढं लहानशी पडवी. पडवीपुढं अंगण एवढंसं की तिथं बैलगाडीसुद्धा वळली नसती.

“वर गाडी वळत न्हाई, हे तुला कसं म्हाईत?” त्यानं विचारलं.

“मॅपवर दिसतं तात्या.”

दादाभाऊचा मोबाइल पुढच्या रिकाम्या शीटवर पालथा पडलेला होता. सावळारामनं त्याच्याकडं पाहिलं.

पडवीत बयाबाई तांदूळ निवडत बसली होती. गाडी बघून ती सूप बाजूला ठेवून उठली. डोईवरचा पदर नीट केला, पण तोंडावर हसू आलं नाही. दादाभाऊ उतरला तसं तिनं तिथूनच विचारलं, “आता आनखी कुठं अंगठा पायजे रं?”

मागचं दार उघडून सावळाराम बाहेर आला.

बयाबाई दचकली. तिनं जीभ चावली, जणू तिच्या हातूनच काही सांडलं होतं. मग भावाला हात धरून पायरी चढवलं, पाणी दिलं, गुडघ्याचं विचारलं. सावळारामनं पाणी हातात तसंच धरलं. “कसला अंगठा, आक्का?” तो म्हणाला.

ती भाच्याकडं बघत राहिली. भाचा गाडीची काच फडक्यानं पुसत होता, सकाळी धुतलेली. मग हळूहळू सगळं निघालं. पौषात दादाभाऊ एकटाच गाडी घेऊन आला होता. तालुक्याला जायचंय म्हणाला, हक्कसोड करायची आहे, तात्यांनीच धाडलंय. तिला वाटेत कचेरीपर्यंत तीनदा उलटी झाली. अंगठा दिला. मग त्यानं भजी खाऊ घातली, भावाकडची म्हणून साडी हातात ठेवली आणि घरी आणून सोडलं.

“म्हनला, तात्याला तोंडानं सांगाया लाज वाटती. तूबी त्यांच्याशी इषय काढू नगं, त्यास्नी तरास व्हतो,” बयाबाई म्हणाली. “म्हणून मी बोलले न्हाई. रानाचं काय न्हाई रं मला. मी काय करायचं व्हतं रानाचं. पर तू सोता यायला पायजे व्हतास. मुराळ्याच्या कामाला दुसऱ्याला धाडलास, त्याचं लागलं.”

एवढे महिने बहिणीनं त्याचा शब्द म्हणून तोंड मिटून ठेवलं होतं, आणि तो शब्द त्याचा नव्हताच.  सावळारामला पारावरचं आपलं बोलणं आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं वाटलं.

दादाभाऊ पायरीपाशी आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. सगळेच करतात. आत्याला काही कमी केलं नाही, रान घरातच राहिलं, उद्या नातवाच्याच कामी येणार. आणि तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही होऊ दिलं नसतं. यातलं शेवटचं खरं होतं.

“व्हय, न्हाई म्हनलो असतो,” सावळाराम म्हणाला. “भांडलो असतो तुझ्याशी. आन तू गपचिप केलं असतंस, तरी येक वेळ गिळलं असतं. पर तू माझ्या तोंडानं बोललास, दादा. माझ्या बहिनीशी.”

 दादाभाऊ म्हणाला की चला, घरी जाऊन बोलू, आत्यालाही घ्या, उद्या यात्रा आहे.

बयाबाई आत गेली आणि साडी घेऊन आली. घडी मोडलेली नव्हती, दुकानाचा कागदही तसाच होता. “भावाची म्हणून ठिवली व्हती,” ती म्हणाली, आणि ती साडी तिनं भाच्याच्या हातात दिली.

“आक्का, मी तुला न्यायला आलोय,” सावळाराम म्हणाला.

“कुठं?”

तिनं ते रागानं विचारलं नव्हतं.  रान दादाभाऊचं होतं, घरही त्याच्याच नावावर झालं होतं. आपला हिस्सा आणि घर सावळारामनं आपल्या हातानं, विश्वासानं देऊन टाकलं होतं. बहिणीला घेऊन जावं असं त्याचं आता काही उरलेलंच नव्हतं.

“तू जा,” तो मुलाला म्हणाला.

तुम्ही कसे येणार, इथं गाड्यांचा काही भरवसा नाही, असं दादाभाऊ म्हणून बघत होता.  सावळारामनं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि भिंतीला टेकून बसला. दादाभाऊ साडी पुढच्या शीटवर ठेवून गाडीत बसला. गाडीचं तोंड आधीच खाली होतं. तिला निघायला काहीच वेळ लागला नाही.

आक्कानं सकाळीच मासवडी थापून ठेवली होती. मुराळी येणार हे गेणूनं तिला सांगितलेलं होतं, आणि रुसलेली असली तरी मुराळ्याला उपाशी धाडायची रीत तिला ठाऊक नव्हती. तिनं ताट केलं, वाटीत रस्सा वाढला आणि घरात लिंबू नाही म्हणून चुटपुटली.

सावळारामनं खिशात हात घातला. लिंबू तसंच होतं, थोडं गरम झालेलं. आक्कानं ते हातात घेऊन बघितलं. कशासाठी आणलंय ते तिला सांगावं लागलं नाही. तिनं पदराचं टोक एकदा डोळ्यांना लावलं, विळी ओढली आणि लिंबू चिरलं.

“यष्टी कवा हाये?” सावळारामनं विचारलं.

“आली की येती,” बयाबाई म्हणाली, आणि तिनं त्याच्या रश्शात लिंबू पिळलं. “तू जेव.”