त्या सातजणी

मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता कॉलेजच्या सभागृहात सुजयसरांना संशोधनाबद्दल शाल-नारळ मिळाला. कमळाला तिचा रिपोर्ट मिळाला नाही.

ती त्यासाठीच आली होती. दोन-तीन महिने तिच्या अंगावरून अवेळी लाल जात होतं. खाडीत तिसऱ्या-शिंपल्या काढणाऱ्या बायकांसाठी सरांनी शिबिर भरवलं, तेव्हा तिने लाज गिळून तपासून घेतलं होतं. रिपोर्ट समारंभाच्या दिवशी मिळेल, असा निरोप होता. म्हणून शेजारच्या आवडाबाईला घेऊन ती मागच्या रांगेत बसली.

संशोधन दुहेरी होतं. कारखान्याचं दूषित पाणी नारळाच्या सोडणांच्या कोळशातून गाळायचं, आणि खाडीकाठच्या बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाचा संसर्ग मोजायचा. दोहोंचा एकमेकांशी संबंध काय, ते सरांनी सांगितलं नाही. पाणी आणि महिला एकाच प्रस्तावात बसवल्या की अनुदान लवकर सुटतं, एवढाच तो संबंध.

पडद्यावर आधी बाटल्या आल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी: कुठलं पाणी, भरतीचं की ओहोटीचं, कुणी भरलं. मग बायका आल्या, म्हणजे टक्केवारीचं एक गुलाबी वर्तुळ आलं.

"सात महिलांमध्ये कर्करोगाचा धोका वाढवणारा विषाणू आढळला," सर म्हणाले. "निष्कर्ष अतिशय उत्साहवर्धक आहेत."

टाळ्या पडल्या.

"कुनाला गो उत्साह आला?" आवडाबाई कुजबुजली. "त्या सातजणींना?"

चहाच्या वेळी कमळाने पूर्वीला गाठलं. ही सरांची विद्यार्थिनी. शिबिरात तिनेच धीर दिला होता.

"बाय, माझा रिपोर्ट दे."

"काकू, रिपोर्ट नावाने नाहीत. गोपनीयतेसाठी नावं काढून नंबर दिलेत."

"मग माझा नंबर सांग."

पूर्वीने सरांकडे पाहिलं. सर शाल सावरत पुढे झाले. "कुणाचा नंबर कुठला, ती यादी आम्ही नष्ट केली. तुमची अब्रू अगदी सुरक्षित आहे."

"अब्रू ऱ्हाऊ दे. मी त्या सातांत हाय का नाय, तेवढा सांगा."

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही. आम्हालाही." सर हे अभिमानाने म्हणाले.

"बाटलीला नाव ठेवलात नि बाईचा पुसलात," आवडाबाई म्हणाली. "कमळे, तू बाटलीत बसायला हवी होतीस!"

पूर्वीला हसू फुटलं. सरांनी पाहताच ते विझलं.

"ह्या कारखान्याच्या पान्यानं झाला काय हा?" कमळाने विचारलं.

"छे! हा विषाणू पाण्यातून येत नाही. शरीरसंबंधातून येतो."

"मग पान्याबरोबर आमाला कशाला घातलात?"

सरांना तेवढ्यात फोटोसाठी बोलावणं आलं. फोटो झाल्यावर त्यांनी जाता जाता सांगितलं, की पुढच्या टप्प्यात सगळ्यांची पुन्हा तपासणी होईल. अनुदान आलं की.

कमळा टप्प्यासाठी थांबली नाही. शुक्रवारी सरकारी दवाखान्यात जाऊन तिने पुन्हा नमुना दिला. तो तपासायला बाहेरगावी पाठवला आहे. तिने बाकीच्या बायकांनाही चला म्हटलं. एकही आली नाही. त्या सातजणी दुसऱ्याच कुणीतरी आहेत, अशी प्रत्येकीची खात्री आहे.

सोमवारी संध्याकाळपर्यंत कमळाचा रिपोर्ट आलेला नाही.