फोटोतल्या बायका

मन्मथअप्पा स्टुलावर उभे राहून फोटोची चौकट खिळ्याला अडकवत होते, तेव्हा जिन्यात कुणीतरी चपला काढल्या. खालच्या बियाण्याच्या दुकानाचं गिऱ्हाईक चुकून वर आलं असेल, असं त्यांना वाटलं. इतिहास मंडळाची ही खोली वर्षातून एका रविवारी सगळ्यांसाठी उघडायची, पण गेली तीन वर्षं तिथं पत्ता विचारणाऱ्यांखेरीज कुणी डोकावलं नव्हतं.

दारात पन्नाशीची एक बाई उभी होती. खांद्याला पिशवी, डोक्यावर पदर. तिनं सांगितलं, नाव सिंधु, हदगावाहून आले. पहाटे निघाले, नांदेडला आणि लातूरला गाडी बदलली. माहेर इकडचंच, म्हसोबावाडीचं. भाचीनं फोनवर एक फोटो पाठवला होता, त्याखाली मंडळाचा पत्ता होता.

अप्पा स्टुलावरून हळूच उतरले. तो फोटो आत्ताच त्यांनी भिंतीवर लावला होता. बहात्तरच्या दुष्काळात म्हसोबावाडीच्या पाझर तलावावर खडी फोडणाऱ्या एकेचाळीस बायका, तीन रांगांत. मंडळ सुरू करणाऱ्या ईश्वरप्पांना तो एका रद्दीत सापडला होता. एकेका चेहऱ्याचं नाव शोधण्यात पुढची वीस वर्षं गेली. तेव्हा मंडळात अकरा जण होते. काही वारले, काही लेकरांकडे पुण्याला गेले. ईश्वरप्पा गेल्यावर खोलीची किल्ली अप्पांकडे आली, आणि घरी वाट पाहणारं कुणी नसल्यामुळे ते रोज दुपारी इथं येऊन बसत.

"फोनवर मोठा केला की चेहरेच फुटतात," सिंधु म्हणाली. "म्हणून आले."

आई त्या कामावर होती, असं तिनं सांगितलं. सिंधु तान्ही होती तेव्हाच, त्याच सालात, आई गेली. घरात तिचा एकही फोटो नाही. मावशीनं वाढवलं, गेल्या आखाडात तीही गेली.

ती फोटोसमोर उभी राहिली. अप्पांनी खुर्ची पुढं सरकवली, पण ती बसली नाही. एकेका बाईपाशी थांबत तिसऱ्या रांगेपर्यंत गेली, परत दुसऱ्या रांगेत आली, आणि तिचं बोट एका चेहऱ्याजवळ थांबलं. त्या बाईच्या हातात हातोडा होता आणि ती खुशाल हसत होती.

अप्पांना धसका बसला. त्या चेहऱ्याचं नाव केव्हाच सापडलं होतं. गिरिजाबाई. तिच्या नातवानं इथंच उभं राहून ओळखली होती. एवढ्या लांबून आलेल्या बाईला हे कसं सांगावं, म्हणून ते उगाच चष्मा पुसत राहिले. पण खोटं बोलणंही त्यांना जमेना.

"ताई, ह्या गिरिजाबाई हायत," ते अखेर म्हणाले. "नक्की हाय ते."

"असतील की." सिंधुनं बोट काढलं नाही. "माझी आई ह्यात न्हाईच, अप्पा."

अप्पांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"मावशी सांगायची. फोटोवाला आला, समद्या बायांना उभं केलं, अन् तेवढ्यात मी रडू लागले. लई रडले म्हणं. मग आई मला घेऊन बाभळीखाली गेली. ती येईस्तोवर फोटोवाला गेला."

ती आता खुर्चीवर बसली.

"मला ह्या बाया बघायच्या होत्या. तिच्यासंगं कोण कोण होतं, ते."

अप्पांनी कपाटातून वही काढली आणि डावीकडून एकेक नाव वाचायला सुरुवात केली. कुणाबद्दल ठाऊक असलेलं थोडंसं सांगितलं: ही ओव्या म्हणायची, हिचं माहेर कर्नाटकातलं, ही कामावर खायला मिळणारी सुकडी शेजारच्या लेकरांना वाटायची. सिंधु प्रत्येक चेहऱ्याकडे बघत ऐकत राहिली. ही नावं अशी मोठ्यानं वाचून दाखवा, असं अप्पांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मधे एकदा ते पाणी पिऊन आले.

शेवटचं नाव झाल्यावर त्यांनी विचारलं, "आईचं नाव काय?"

नाव सिंधुला माहीत होतं, पण ते कधी कुणी विचारलं नव्हतं.

"शेवंता."

अप्पांनी नव्या ओळीवर ते लिहिलं. पुढच्या रकान्यात बाई कोणत्या रांगेत, कितवी, ते टिपायचं होतं. त्यांनी क्षणभर पेन थांबवलं, मग लिहिलं: बाभळीखाली, लेकरापाशी. वही तिच्याकडे वळवली. तिनं ते दोनदा वाचलं, पदराच्या टोकानं नाक पुसलं आणि पिशवी उचलली.

"चारची गाडी हाय मला."

अप्पांनी वही मिटली.

"पाचची बी हाय," ते म्हणाले. "खालून चहा सांगतो."

सिंधुनं दाराकडे पाहिलं, मग फोटोकडे, आणि पिशवी परत खाली ठेवली.