मुंग्या का थांबल्या

ठमीने ऋजुताच्या हातातला खडू ओढून घेतला आणि भिंतीकडेने चाललेल्या मुंग्यांच्या रांगेवर आडवी रेघ मारली.

"आता बघा. नाय जाणार."

"साधा खडू आहे गं, औषधाचा नाही," ऋजुता म्हणाली. "जातील."

मुंग्या रेघेपर्यंत आल्या आणि थांबल्या. काही मागे वळल्या, मागून येणाऱ्यांवर आदळल्या. बघता बघता तिथे गर्दी झाली. तिसरी-चौथीची सगळी पोरं फरशीवर आडवी पडून पाहू लागली.

"ताई, का नाय जात?"

ऋजुताला ठाऊक नव्हतं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या ऋजुताला 'माहीत नाही' म्हणायची सवय नव्हती. कर्जतच्या त्यांच्या कॉलेजने शेवटच्या वर्षातल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षाचा एक सोबती दिला होता. तिला मिळाली होती खालापूरकडची सुप्रिया. दोघींनी दर शनिवारी सकाळी या गावच्या शाळेत येऊन मुलांकडून विज्ञानाचे प्रयोग करून घ्यायचे, आणि जमेल तसं ऋजुताने सुप्रियालाही सांभाळून घ्यायचं, असं मॅडमनी सांगितलं होतं.

प्रयोग होत होते. सुप्रिया मात्र सामानाची पिशवी धरून दाराशी उभी राहायची आणि विचारलं तेवढंच बोलायची. परवा तिने फोन करून सांगून टाकलं, कॉलेज सोडतेय. पहिल्या सत्रात दोन विषय राहिले होते आणि चुलतभावाने रसायनीच्या एका कंपनीत पॅकिंगचं काम बघून ठेवलं होतं. कॉलेजच्या उपक्रमाचाही आजचा शेवटचा शनिवार होता, आणि मुलांना तसं सांगून झालं होतं. परतताना तिला नीट समजावायचं, असं ठरवूनच ऋजुता कर्जतजवळच्या दहिवलीतल्या घरून निघाली होती. मुंग्यांचं काहीच ठरवलं नव्हतं.

"खडूचा वास येत असेल त्यांना," ती म्हणाली.

लडकूने खडू हुंगला. "कुठं हाय वास?"

दाराशी पिशवी खाली ठेवल्याचा आवाज झाला. सुप्रिया येऊन मुलांमध्ये उकिडवी बसली. बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवून तिने रेघेच्या बरंच अलीकडे, रांगेच्या मधोमध फरशी पुसली आणि ओढणीने कोरडी केली.

"इथं खडू नाय. आता काय करतात बघा रं."

मुंग्या तिथेही थांबल्या.

"म्हणजे खडूचं काय नाय!" लडकू ओरडला. "वाट पुसली म्हणून!"

"घाई कशाला?" सुप्रिया म्हणाली. "कुठं जास्त वेळ थांबतात ते बघू की."

पुसलेल्या जागेवरून एक मुंगी चाचपडत पलीकडे गेली. तिच्या मागून दुसरी. मग रांग पुन्हा चालू झाली. खडूपाशी मात्र अजून गोंधळच होता. आता वर्गात दोन तट पडले, एक खडूचा, एक पुसलेल्या वाटेचा. ठमीने खिचडीच्या चुलीतली चिमूटभर राख आणली. राखेवर तर मुंग्यांनी पायच ठेवला नाही. मग कुणीतरी पीठ आणायला पळालं. सुप्रिया कुणालाच उत्तर देत नव्हती. "तुला काय वाटतं?" एवढंच विचारत होती, आणि उत्तर ऐकताना तिचे डोळे मोठे होत होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत शेवटच्या टेबलाशी मान खाली घालून उभी असते ती हीच का, असं ऋजुताला वाटलं. मग तीही कुडत्याची पर्वा न करता फरशीवर पालथी पडली.

शाळा सुटली तेव्हा ठमी दारात आडवी उभी राहिली.

"आता तुमी येणार नाय ना? मागच्या वर्षीचे दादा पण येतो म्हणून गेले."

ऋजुता खाली वाकून चपला घालू लागली.

"मी येणार," सुप्रिया म्हणाली.

फाट्यावर दोघी वाहनाची वाट बघत उभ्या राहिल्या. एकीला कर्जतकडे जायचं होतं, दुसरीला खालापूरकडे.

"तू मुलांना येणार म्हणालीस."

"हो."

"पण तू तर कॉलेज सोडतेयस."

"मी कॉलेजचं कुठं बोलले, ताई? कंपनीला गुरुवारी सुट्टी असते. शाळा गुरुवारी पण असते की."

ऋजुताने ठरवून आणलेलं सगळं बोलून घेतलं. राहिलेल्या विषयांची परीक्षा पुन्हा देता येते, इंग्रजीचं मी बघेन, एवढ्यात धीर सोडू नकोस. सुप्रियाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमचं बरोबर हाय. परीक्षेचं बघीन मी. पण कामाचं घरी ठरलंय." ती ओढणीवरची राख झटकत राहिली. मग एकदम म्हणाली, "अंधारात पण चालत असतील का ओ त्या? बिळात तर काय दिसतच नसेल."

"माहीत नाही गं," ऋजुता म्हणाली. हे तिच्या तोंडून इतकं सहज निघालं, की तिचं तिलाच नवल वाटलं.

कर्जतकडे जाणारा टेंपो हळू झाला. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. ऋजुताने नको म्हणून हात हलवला, तसा तो निघून गेला.

"गुरुवारी मला प्रॅक्टिकल असतं," ती म्हणाली.

"मग नका येऊ," सुप्रिया साधेपणाने म्हणाली.

दोन ट्रक गेले.

"दुपारचं असतं ते," ऋजुता म्हणाली. "शाळा किती वाजता भरते?"

"दहाला. पण पोरं आधीच येऊन बसतात."