जगबुडीचे निवेदन

जग संपण्याचे पाच प्रकार होते आणि त्यांतले चार नानांच्या आवाजात उरकून झाले होते. पहिल्या भागात आकाशातून दगड आला. दुसऱ्यात साथ आली. तिसऱ्यात ज्वालामुखीच्या राखेने सूर्य झाकला आणि चौथ्यात माणसांनीच एकमेकांचा निकाल लावला. पाचवा भाग सूर्याचा होता. तो फुगत जातो, समुद्र आटतात, आणि हे सगळे इतक्या सावकाश होते की ते बघायला कुणी उरलेले नसते. माहितीपट बाहेरच्या देशातला होता. चित्रे त्यांची, आवाज नानांचा.

स्टुडिओ एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. खाली टायरचे दुकान, वर दातांचा डॉक्टर. डॉक्टरचे ड्रिल सुरू झाले की रेकॉर्डिंग थांबवावे लागे आणि जग अर्धवट बुडालेले राही. काचेच्या एका बाजूला नाना बसत. पुढ्यात माइक, संहितेचे कागद, कोमट पाण्याचा थर्मास. दुसऱ्या बाजूला रेकॉर्डिस्ट बाई, आणि तिच्या मागे फाटक्या सोफ्यावर संहितेचे भाषांतर करणारा प्रोफेसर. हा माणूस शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाला होता. कॉलेजची पायरी तो विद्यार्थी म्हणून चढला तेवढीच. प्रोफेसर ही बढती त्याला नानांनी दिली होती.

ड्रिल सुरू असताना तिघे वाद घालत. विषय एकच, जग नक्की कशाने संपेल. प्रोफेसर साथीच्या बाजूचा होता. त्याचे म्हणणे, बाकी सगळ्याला काहीतरी मोठे लागते, साथीला एक खोकला पुरतो. रेकॉर्डिस्टला दगड पसंत होता. एका झटक्यात काम, मागे आवराआवर नाही, भांडी घासायची राहिली तरी कुणी बोलणार नाही. नाना कुठल्याच बाजूचे नव्हते. ते म्हणत, जग संपेल त्या दिवशीही निर्मात्याचा फोन येईल, छान झालं, सेफ्टीला अजून एकदा घेऊ.

चौथ्या भागापासून रेकॉर्डिस्टला हेडफोनमध्ये काहीतरी खुपू लागले होते. वाक्याच्या शेवटी हवा सुटल्यासारखा आवाज यायचा. "नष्ट झाले" म्हणताना "झाले" अर्धेच पोचायचे. तिने आधी वायर बदलली. मग माइक बदलला. मग भिंतीवरचा फोम एका कोपऱ्यात सुटला होता तो चिकटवला आणि वरच्या मजल्यावर जाऊन डॉक्टरच्या एसीवर संशय घेऊन आली. या धंद्यात आवाज बिघडला की माणसाच्या अलीकडचे सगळे तपासतात. माणूस शेवटी येतो.

एका दुपारी नाना दार उघडून बाहेर आले आणि पाणी संपल्याचे त्यांनी सांगितले. मध्ये माइक नव्हता, वायर नव्हती, काच नव्हती. "संपलं" या शब्दाचा शेवट तसाच गळाला. प्रोफेसर बाहेर गेला होता. रेकॉर्डिस्टने थर्मास भरून आणला, दार लावले आणि सरळ विचारले.

नानांनी आढेवेढे घेतले नाहीत. दमलेल्या माणसाला खोटे बोलणे जड जाते. घशाच्या डॉक्टरने आत कॅमेरा घालून बघितले होते. स्वरयंत्राच्या पडद्यावर गाठ होती. वाईट प्रकारची दिसत नव्हती, पण काढावी लागणार होती. डॉक्टरने त्या दिवसापासूनच बोलणे बंद करायला सांगितले होते. घासत राहिली तर पडदा कायमचा जाईल, असे स्पष्ट बजावले होते. ऑपरेशननंतर पंधरा दिवस एक अक्षर नाही, कुजबुजही नाही. ऑपरेशनची तारीख दोनदा ठरली होती आणि नानांनी दोनदा पुढे ढकलली होती.

रेकॉर्डिस्टला वाटले, या मालिकेसाठी. नानांना अलीकडे कामे कमी येत, हे तिला माहीत होते. पण कारण वेगळे होते. काकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, नजर काही वर्षांपूर्वी गेली होती. डोळ्यांतला दाब वाढत गेला आणि कळेपर्यंत उशीर झाला. आता त्यांना उजेड-अंधाराइतकेच कळे. चिठ्ठी लिहून दाखवण्याची सोय नाही, हातवारे नाहीत.

"मी गप्प बसलो तर मी घरात आहे हे तिला कळणार कसं?" नाना म्हणाले. "आणि पंधरा दिवसांनी उघडलेल्या तोंडातून भलताच आवाज आला तर? डॉक्टर खात्री देत नाही. तिच्यासाठी मी म्हणजे तेवढाच आहे गं."

काकूंना यातले काहीच सांगितलेले नव्हते. कुणाला सांगू नकोस असे त्यांनी रेकॉर्डिस्टला बजावले आणि पुन्हा आत जाऊन समुद्र आटवायला बसले.

त्याच आठवड्यात निर्मात्याचा फोन आला. तो दुसऱ्या शहरात बसे आणि पाठवलेले ऐकून रोज सूचना देई. फोन स्पीकरवर होता. पाचव्या भागाची सुरुवात त्याने ऐकली होती आणि तो खूश होता, जे सहसा घडत नसे. हाच आवाज, तो म्हणाला. थकलेला, तडकलेला, सगळं बघून बसलेला. आधीच्या चार भागांत नाना बातम्या दिल्यासारखे बोलले होते, इथे जग खरोखर संपतंय असं वाटतं. हे कसं जमवलं ते सांगू नका, पण आधीचे चारही भाग असेच पुन्हा करू.

काचेपलीकडे नानांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत त्यांच्या आवाजाला स्वच्छ म्हटले होते, भारदस्त म्हटले होते, सकाळच्या रेडिओसारखा म्हटले होते. खरा कुणी म्हटले नव्हते. ते करू म्हणाले.

नाही म्हणण्यात काय जाईल, हे तिघांनाही ठाऊक होते. एका मालिकेला एकच आवाज लागतो आणि तो सगळीकडे सारखा लागतो. नाना मध्येच थांबले असते तर पाचवा भाग दुसऱ्या कुणाला द्यावा लागला असता, आणि मग चारही त्यालाच. नानांचे झालेले काम पुसले गेले असते. प्रोफेसरला गाठीचे काही माहीत नव्हते. तो म्हणाला, नाना, आता तुम्ही खरे नट झालात. नानांनी मान डोलावली.

रेकॉर्डिस्टने दुसऱ्या दिवशी सकाळी नानांच्या घरी फोन केला. तेव्हा नाना वाटेत असणार हे तिने धरले होते. बोलायचे काय ते तिने मनाशी जुळवले होते, पण निम्म्यावर पोचायच्या आतच काकू म्हणाल्या की हे त्यांना माहीत आहे. मग त्यांनी स्टुडिओचा पत्ता विचारला आणि खाली कुठले दुकान आहे तेही, म्हणजे टॅक्सीवाल्याला सांगता येईल.

तासाभराने रेकॉर्डिस्ट त्यांना घ्यायला खाली गेली. काकूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि रबराचा वास फार येतो एवढेच म्हणाल्या. वर नाना काचेमागे संहितेचे पान पुढ्यात लावून बसले होते. काकूंना बघून त्यांचे हात कागदांवर थांबले. ते उठले नाहीत. काकू सोफ्यावर बसल्या. शेजारच्या खोकण्यावरून तिथे कुणीतरी आहे हे त्यांना कळले आणि त्यांनी नमस्कार केला.

प्रोफेसर गडबडला. अनोळखी बाईशी काय बोलावे हे त्याला कधीच सुचत नसे, म्हणून त्याने स्टुडिओतला रोजचा प्रश्न विचारला. आम्ही इथं जग कशानं संपेल त्याच्यावर पैजा लावतो, तुमचं काय मत.

"मला विचारा की," काकू म्हणाल्या. "माझं एकदा संपून झालंय."

रेकॉर्डिस्टने टेबलावरचे बटण दाबले. त्या बटणाने बाहेरचे बोलणे आतल्या हेडफोनमध्ये जाते. नाना हेडफोन लावून बसले होते.

"तुमच्या त्या दगडासारखं नसतं ते," काकू म्हणाल्या. "आधी कडा जातात. मधलं सगळं लख्ख. समोरच्याचं नाक दिसतं, घड्याळ दिसतं, पेपर वाचता येतो. दाराला खांदा आपटला की आपण दाराला शिव्या देतो. बाजूनं माणूस आला की म्हणतो, मेला भुतासारखा येतो. मधलं दिसतंय तोवर कुणाला वाटतं, संपतंय म्हणून?"

"आणि मग?" प्रोफेसरने विचारले.

"मग एक दिवस मधलंही जातं. आणि मग चहा करावा लागतो, कारण चार वाजलेले असतात."

प्रोफेसर हसला आणि मध्येच थांबला. काकूंनी चेहरा काचेच्या दिशेला वळवला. दिशा थोडी चुकली होती. त्या स्पीकरशी बोलत असल्यासारख्या दिसत होत्या.

"यांचा आवाजही कडेनंच चाललाय," त्या म्हणाल्या. "वाक्याचा शेवट जातो. थंडीपासून ऐकतेय. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. मग वाटलं, सांगत नाहीत त्या अर्थी फारच वाईट असणार. तेव्हापासून मी पण विचारायचं सोडलं."

नाना बाहेर आले. दार त्यांनी हळू उघडले तरी काकूंना कळले, त्या सोफ्यावर सरकून बसल्या. नाना शेजारी टेकले. तुला कुणी सांगितलं, असे त्यांनी विचारले आणि रेकॉर्डिस्टकडे पाहिले. काकू म्हणाल्या, तुम्हीच रोज सांगताय, मी काय बहिरी आहे का. प्रोफेसरला आता कुठे उलगडा होत होता. आदल्या दिवशी आपण नट म्हणालो ते आठवून तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

नानांनी गाठीचे सांगितले, ऑपरेशनचे सांगितले. पंधरा दिवसांपाशी येऊन अडखळले.

"पंधरा दिवस तोंडातून अक्षर काढायचं नाही म्हणतात. तू घरात एकटी पडशील."

"गप्प बसलात तर पंधरा दिवस," काकू म्हणाल्या. "बोलत राहिलात तर किती?"

वर ड्रिल सुरू झाले. थोड्या वेळाने ते थांबले. मग नानांनी रेकॉर्डिस्टला विचारले की आता थांबलो तर चारही भाग जातील ना. ती हो म्हणाली. त्यात थोडे तरी वाचेल असे काही तिला सांगता आले असते, पण ते खरे नव्हते. निर्माता दोन दिवसांत दुसरा आवाज उभा करील आणि नानांच्या फायली तिलाच काढून टाकाव्या लागतील, हेही तिने सांगितले.

शेवटची दोनच पाने आहेत, नाना म्हणाले. निदान हा भाग तरी पुरा करतो. कुणी ऐकणार नसले तरी. काकूंनी अडवले नाही. त्या म्हणाल्या, करा, मी बसते.

नाना आत गेले. खुर्ची पुढे ओढली, हेडफोन चढवले, कागद सरळ केले. रेकॉर्डिस्टने मशीन सुरू केले आणि वरचा लाल दिवा लागला. पडद्यावर कोरडे पडलेले समुद्राचे तळ सरकू लागले, तांबडे आणि भेगाळलेले. इथे निवेदन सुरू व्हायचे होते. नानांनी श्वास घेतला, तो हेडफोनमध्ये स्वच्छ ऐकू आला. ते पानाकडे बघत राहिले. समुद्रतळ सरकत गेला, डोंगर आले, डोंगर वितळू लागले. नाना वाचत होते, ओळीओळीवर नजर फिरताना दिसत होती, ओठ मात्र मिटलेले होते. दोन्ही पाने त्यांनी तशीच शेवटपर्यंत वाचली. पडद्यावर पृथ्वी संपून काळे झाले तेव्हा त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

रेकॉर्डिस्टने मशीन बंद केले. काकूंनी विचारले, काय झालं, आवाज का नाही आला. रेकॉर्डिस्ट म्हणाली, नाना थांबले.

"आजपासून?"

"आतापासून."

काकूंनी मान हलवली आणि पर्स उचलली. प्रोफेसरने नानांचे कागद गोळा केले आणि त्यांना द्यावे की ठेवावे हे न कळून हातातच धरले. नाना बाहेर आले, त्याच्या खांद्यावर त्यांनी थाप मारली. रेकॉर्डिस्टपुढे आल्यावर त्यांनी तोंड उघडले, मग मिटले, आणि हात जोडले.

नाना-काकू निघेपर्यंत निर्मात्याचा फोन दोनदा वाजला. रेकॉर्डिस्टने उचलला नाही. त्याला काय सांगायचे ते साधे होते, पण ते जिन्यात दोन माणसे उतरत असताना सांगायचे नव्हते. ती दारात येऊन उभी राहिली.

नाना पहिल्या पायरीशी थांबले होते. एरवी इथे ते "पायरी" म्हणाले असते. त्यांनी काकूंचा हात आपल्या हातात घेतला आणि मनगटावर बोटाने दोनदा टकटक केली.

"एकदाच," काकू म्हणाल्या. "एकदा म्हणजे पायरी. दोनदा म्हणजे काय ते घरी ठरवू."

नानांनी एकदा टकटक केली. काकूंनी पाय खाली टाकला.